ॲल्युमिनियम पट्टीचा बँडगॅप: गणितात ४०९ ते ६९३ हर्ट्झ, मापात ४७० ते ६७२. फरक कुठून येतो?

मच्छे_मेकॅनिकल

नमस्कार. शेवटच्या वर्षाचा व्हीटीयूचा (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) प्रोजेक्ट करायलोय. विषय असा: ठरावीक अंतराने वजनं चिकटवलेल्या पट्टीत कंपनं कुठल्या वारंवारितेला अडतात (तो पट्टा म्हणजे बँडगॅप), ते हॅमर मारून मोजायचं आणि गणिताशी ताडून बघायचं. सगळी मांडणी आधीच देतो, म्हणजे कुणाला परत विचारावं लागणार नाही.

पट्टी ॲल्युमिनियम फ्लॅट, २५ × ३ मिमी, लांबी ५४० मिमी. तिच्यावर पाच ठिकाणी, १०० मिमी अंतराने, एमएसचे (साध्या पोलादाचे) २५ × १२ × ४ मिमीचे तुकडे वर एक, खाली एक असे अराल्डाइटने चिकटवलेत. जोडीचं वजन १८.८ ग्रॅम. दोन्ही टोकांना शेवटच्या वजनापुढे ७० मिमी पट्टी मोकळी आहे. टोकाजवळ रुंदीच्या मधोमध भोक पाडून मासे धरायच्या दोरीने आडवी टांगलीय, रुंद बाजू उभी. भोक मधे आल्यामुळे हॅमर आणि ॲक्सेलरोमीटर दोन्ही मध्यरेषेच्या जरा खाली बसतात. हॅमरला प्लास्टिक टिप, ॲक्सेलरोमीटर ५ ग्रॅमचा, कार्ड २४ बिट. सॅम्पलिंग ५१२० प्रति सेकंद, रेकॉर्ड १ सेकंद, एक्स्पोनेन्शियल विंडो (सिग्नल शेवटाकडे विझवत नेणारी) चालू, पाच ठोक्यांची सरासरी.

गणित ऑयलर-बर्नोली बीम, वजन बिंदूवर धरून ट्रान्सफर मॅट्रिक्स (पट्टीचा भागामागून भाग जोडत जायची रीत). ई (लवचिकता गुणांक) ७० गिगापास्कल, घनता २७००. त्यातून पहिला गॅप ४०९ ते ६९३ हर्ट्झ येतो.

मापात तीन गोष्टी खटकतात. एक, खालची कड ४७० ला येते आणि वरची ६७२ ला. दोन, गॅपमधली घट जेमतेम १० डेसिबल, आमचे गाइड ३० ची अपेक्षा धरून बसलेत. तीन, ऐन गॅपमध्ये ५०५ हर्ट्झला एक चांगला टोकदार पीक उभा आहे. गॅप म्हणायचं आणि मधेच पीक दाखवायचा, व्हायवात काय सांगायचं?

उद्यमबाग_टेस्टबेंच

माप ठीक दिसतंय. तुझं मॉडेल तुझ्या पट्टीचं नाही, एवढंच.

आधी दोन्ही कडा म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आण. कडेला अर्धी तरंगलांबी बरोबर एका सेलमध्ये (एका वजनापासून पुढच्या वजनापर्यंतचा १०० मिमी भाग) बसते, आणि तिला बसायला दोनच जागा आहेत. एकीत वजन नोडवर येतं, म्हणजे जागचं हलत नाही, फक्त डुलतं. ती वरची कड. म्हणून बिंदू-वजन धरलं तर वरची कड म्हणजे १०० मिमी गाळ्याच्या, दोन्हीकडे साध्या टेकूवर ठेवलेल्या नुसत्या पट्टीची पहिली वारंवारिता: ६९३. वजन कितीही वाढव, ती हलत नाही. दुसरीत वजन पोटावर येतं आणि पूर्ण हलतं. ती खालची कड. म्हणजे तोच १०० मिमीचा टेकूवरचा गाळा, मधोमध वजन. वजन भागिले सेलमधल्या पट्टीचं वजन हे गुणोत्तर काढ. तुझ्याकडे १८.८ भागिले २०.२५, म्हणजे ०.९३. ते दुप्पट करून त्यात एक मिळव, वर्गमूळ घे आणि ६९३ ला त्याने भाग. ४१० येतात. ट्रान्सफर मॅट्रिक्स न चालवता कॅल्क्युलेटरवर होणारं काम आहे हे.

आता १२ मिमीचा तुकडा बिंदू नाही. वर-खाली ४ मिमी पोलाद आणि मधे ३ मिमी ॲल्युमिनियम असा तो सँडविच झालाय. गोंद पक्का धरला तर तेवढ्या भागाचा वाकण्याला विरोध नुसत्या पट्टीच्या सुमारे १४० पट होतो. म्हणजे ते १२ मिमी वाकतच नाहीत. खालच्या कडेच्या मोडमध्ये (कंपनाच्या प्रकारात) पट्टी सर्वांत जास्त वाकते ती नेमकी वजनाखाली, आणि तीच जागा तू जखडून टाकलीयस. अर्धा गाळा ५० ऐवजी ४४ मिमीच वाकतो. कडकपणा घनाने चालतो: ५० भागिले ४४, त्याचा घन १.४७, वर्गमूळ १.२१. म्हणजे ४०९ चे ४९६ होतात. पण गोंदाचा थर कडेला थोडा सरकतो, तुकड्याच्या दोन्ही कडांचे दीड-दोन मिमी पट्टीला नीट धरतच नाहीत. १२ पैकी साडेआठ मिमी कडक धरले तर ४६७ येतात. तुझे ४७०. आणखी काय पाहिजे?

वरच्या कडेला वजनाच्या जागी पट्टी वाकत नाही, त्यामुळे कडकपणाचा तिथे जवळजवळ परिणाम नाही. तिथे तुकड्याचं डुलणं नडतं. तुझ्या जोडीचा फिरण्याचा जडत्व आघूर्ण सुमारे ४८० ग्रॅम-वर्गमिमी होतो. त्याने वरची कड २.३ टक्के खाली येते, म्हणजे ६७७. तू मोजलेस ६७२.

तेव्हा मॉडेलमध्ये सेल दोन तुकड्यांचा कर: ९१.५ मिमी साधी पट्टी आणि ८.५ मिमी कडक भाग, त्याला वस्तुमान आणि आघूर्ण दोन्ही जोडून. तुकडे उपटून तीन मिमीच्या अरुंद पट्टीवर बसवायच्या भानगडीत पडू नकोस. कडकपणा जाईल, पण तुकडा त्या अरुंद बैठकीवर झुलायला लागेल आणि त्या झुलण्याची स्वतःची वारंवारिता वेगळाच गोंधळ घालेल.

१० डेसिबलचंही उत्तर यातच आहे. असल्या वजन-पट्टीच्या पहिल्या गॅपला एक काम चालवायचा नियम आहे: गॅपची रुंदी भागिले मधली वारंवारिता, गुणिले ६.८, की गॅपच्या मध्यावर दर सेलमागे किती डेसिबल घट ते मिळतं. तुझा गॅप २०२ हर्ट्झ रुंद, मध्य ५७१, गुणोत्तर ०.३५. म्हणजे दर सेल २.४ डेसिबल. पाच वजनांमध्ये चारच अंतरं, झाले साधारण १०. गाइडना ३० पाहिजे असतील तर बारा-तेरा अंतरं लागतील, किंवा वजन वाढवावं लागेल. पट्टी बारा फुटी येते, लांबीची अडचण नसावी. दहा वजनं, दोन्ही टोकांना ५० मिमी, एक मीटर लांबी, यात मध्यावर २०-२२ डेसिबल मिळतील आणि तेवढे पुरतात.

एक काम मात्र आधी कर. त्याच पट्टीचा उरलेला ५०० मिमीचा कोरा तुकडा दोन दोऱ्यांवर टांगून ठोक. पूर्ण ३ मिमी जाडी आणि ७० गिगापास्कल असतील तर पहिले तीन मोड ६२.८, १७३ आणि ३३९ च्या आसपास पडतील. बाजारातला फ्लॅट २.९ चा निघाला तर सगळं तीन-साडेतीन टक्के खाली येईल आणि गॅपच्या कडाही साधारण तेवढ्याच सरकतील. जाडी आणि ई वेगवेगळे शोधायची गरज नाही, वारंवारितेत दोघं एकत्रच येतात.

कोरी_पाटी

५०५ बद्दल आधी एक खात्री करा. रेकॉर्ड १ सेकंदाचं म्हणजे रिझोल्यूशन १ हर्ट्झ, तेव्हा ५०५ हा ५०० नाही हे दिसतंय, ठीक. तरी हॅमर न मारता नुसता ट्रिगर देऊन एकदा पार्श्वभूमीचा स्पेक्ट्रम घ्या. गॅपमध्ये सिग्नल मुळातच बारीक असतो, त्यामुळे एरवी न दिसणारे लाईटचे ५० च्या पटीतले काटे तिथे डोकं वर काढतात: ५००, ५५०, ६००, ६५०. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढून ठेवा, ॲक्सेलरोमीटरची केबल पट्टीला टेपने चिकटवून मग सैल सोडा. उद्यमबागेत शेजारच्या शेडमध्ये इंडक्शन फर्नेस किंवा वेल्डिंग चालू असेल तर जेवणाच्या सुट्टीत माप घेतलेलं बरं. रेल्वे लाईनजवळ असाल तर तिची काळजी नको, गाडीचं जमिनीतलं कंपन तुमच्या गॅपच्या बरंच खालीच संपतं.

खानापूर_रोड

५०५ ला दोन संशयित आहेत, आणि योगायोगाने दोघांचाही पत्ता एकच निघतो.

पहिला संशयित टोकाचा ७० मिमी मोकळा भाग. शेवटच्या वजनाशी तो पूर्ण जखडलाय असं धरलं तर कँटिलिव्हर म्हणून त्याची वारंवारिता ५०४. वजन काही भिंत नाही, तेही हलतं, त्यामुळे प्रत्यक्षात ती बरीच खाली येईल. तरी गॅपमध्ये टोकाचे मोड असू शकतात. ते टोकापाशीच अडकलेले असतात आणि आत शिरले की दर सेलला कमी होत जातात.

दुसरा संशयित पीळ, आणि माझा पैसा यावर. तुझा गॅप फक्त वाकण्याच्या तरंगांसाठी आहे. पिळाचे तरंग त्याच पट्टीतून वेगळ्या वेगाने जातात आणि त्यांना तुझा ४७०-६७२ चा गॅप लागूच नाही. २५ × ३ च्या कोऱ्या पट्टीत पिळाचा वेग सुमारे ७२० मीटर प्रति सेकंद. वजनांचं आघूर्ण आणि त्यांनी कडक केलेला भाग दोन्ही धरले तर ५४० मिमी लांबीत पहिला पिळाचा मोड ५०० च्या आसपासच येतो. आणि तू ठोकतोस मध्यरेषेच्या खाली, मोजतोसही मध्यरेषेच्या खाली. म्हणजे पीळ उठवायची आणि टिपायची दोन्ही सोय केलेली आहे.

ओळखायला मेण पुरे. एक ग्रॅम मेणाचा गोळा टोकाला बरोबर मध्यरेषेवर लाव आणि परत ठोक. पीक वाकण्याचा असेल तर तो ठळकपणे खाली सरकेल. पिळाचा असेल तर मध्यरेषा जागची हलतच नाही, त्यामुळे पीक तिथेच राहील. मग तोच गोळा काढून टोकाच्या कोपऱ्यात लाव. पीळ असेल तर ५०५ चे ४९८ च्या आसपास होतील. दोन ॲक्सेलरोमीटर असतील तर वरच्या आणि खालच्या कडेला समोरासमोर लावून फेज बघ: वाकणं असेल तर दोघं बरोबर हलतात, पीळ असेल तर उलटे.

भोकं मधून काढून वरच्या कडेजवळ घे, म्हणजे मध्यरेषा मोकळी होते. दोरी कुठे बांधली याने ४०० हर्ट्झच्या वर काही बिघडत नाही. तुझ्या पट्टीचा पहिला वाकण्याचा मोडच ५० च्या खाली आहे, गॅप त्याच्या दसपट वर.

ता. क. टोकाला ५ ग्रॅमचा ॲक्सेलरोमीटर म्हणजे त्या ७० मिमी भागाच्या वजनाच्या एक-तृतीयांशाहून जास्त. गॅपच्या कडा आतल्या सेल ठरवतात, त्यामुळे त्या यातून सुटतात. पण टोकाचे मोड आणि घटीचा आकडा दोन्ही बदलतात.

मच्छे_मेकॅनिकल

दोन्ही करून बघितलं. मेण मध्यरेषेवर: ५०५ चे ५०४.५. मेण कोपऱ्यात: ४९७. वरच्या आणि खालच्या कडेला दोन ॲक्सेलरोमीटर लावल्यावर ५०५ ला फेज १८० अंशाने उलटी. म्हणजे पीळच. पार्श्वभूमीत ५०० आणि ६५० ला बारीक काटे होते, चार्जर काढल्यावर ५०० चा गेला, ६५० चा उरला.

कोऱ्या तुकड्याचा पहिला मोड ६२.३ आला.

दहा वजनांची नवी पट्टी करायची ठरलीय. त्यावर नुसती दोन टोकांतली घट न दाखवता मापातूनच डिस्पर्शन कर्व्ह (वारंवारितेसमोर वेव्हनंबर) काढता येईल का? गाइड म्हणतात वेव्हनंबर दाखवा. लेसर व्हायब्रोमीटर नाही आमच्याकडे.

उद्यमबाग_टेस्टबेंच

लेसरशिवाय होतं. ॲक्सेलरोमीटर एका टोकाला कायमचा ठेव आणि हॅमर फिरव: पहिल्या वजनावर पाच ठोके, दुसऱ्यावर पाच, असं दहापर्यंत. बरोबर मध्यरेषेवर, बरोबर तुकड्याच्या मधोमध. कार्यकारणाची अदलाबदल चालते, त्यामुळे हॅमर हलवला काय आणि सेन्सर हलवला काय, एफआरएफ (दर एकक बलाला मिळणारा प्रतिसाद) तोच. सेन्सर हलवलास तर मात्र प्रत्येक वेळी वेगळ्या सेलला ५ ग्रॅम जास्त मिळतात आणि ती पट्टी समान अंतराची, समान वजनाची राहत नाही.

आता प्रत्येक वारंवारितेला तुझ्याकडे दहा कॉम्प्लेक्स आकडे आहेत. गॅपच्या बाहेर असं कर: कुठल्याही वजनाच्या डावी-उजवीकडच्या दोघांची बेरीज भागिले त्याच वजनाच्या आकड्याची दुप्पट, याचं उत्तर म्हणजे एका सेलमधल्या फेजचा कोसाइन. एकेका त्रिकुटावर विसंबू नकोस, मधला आकडा शून्याजवळ आला की भागाकार उधळतो. सगळ्या त्रिकुटांवर मिळून लीस्ट स्क्वेअर लाव. उलटा कोसाइन घेतलास की वारंवारितेसमोर फेज, झाला तुझा कर्व्ह. पडताळा म्हणून १०० हर्ट्झला दर सेल फेज १.४ रेडियनच्या आसपास यायला पाहिजे. खालच्या कडेजवळ तो चढत चढत पाय, म्हणजे ३.१४, ला टेकतो.

गॅपच्या आत ही युक्ती लंगडी पडते, आणि बहुतेक रिपोर्टमध्ये नेमकं इथेच पाणी मुरतं. आत कोसाइन उणे एकच्या खाली जातो, पण किती? दर सेल २.४ डेसिबल घटीला उणे १.०४. म्हणजे ॲम्प्लिट्यूडमध्ये चार टक्के चूक झाली की गॅप आहे की नाही हेच कळेनासं होतं. हाताने मारलेल्या हॅमरला चार टक्के म्हणजे काहीच नाही.

म्हणून आत वेगळं कर. ५७० ला प्रत्येक वजनाचा ॲम्प्लिट्यूड घे, लॉग काढ, वजनाच्या क्रमांकासमोर मांड. सरळ रेषा पडली पाहिजे. पहिल्याला १०० धरलं तर पुढे ७६, ५७, ४४, ३३ असं काहीतरी. रेषेचा उतार हीच घट. आणि फेज बघ: लगतची दोन वजनं उलटसुलट हलत असतील, दर सेलला १८० अंश. उतार आणि ही उलटसुलट दोन्ही मिळाले की मग म्हण तो ब्रॅगचा (समान अंतरावरच्या परावर्तनांतून होणारा) गॅप. नुसता खड्डा दिसला म्हणून गॅप म्हणायचं नाही, अँटिरेझोनन्सचाही (एखाद्या वारंवारितेला मापाची जागा जवळजवळ हलतच नाही, तेव्हाचा) खड्डाच दिसतो.

रेषा टाकताना ॲक्सेलरोमीटरच्या बाजूचं पहिलं वजन सोड. वाकण्याच्या तरंगाबरोबर एक न जाणारा भाग असतो, तो तुझ्या वारंवारितेला एका सेलमध्ये सहा टक्क्यांवर येतो, म्हणजे एक सेल सोडला की पुरे. दूरच्या टोकाचे दोन आकडेही सोड, तिथे परावर्तनामुळे रेषा आडवी पडते. पाच वजनांच्या पट्टीत एवढं सोडलं की हातात दोनच ठिपके उरतात, आणि दोन ठिपक्यांतून काय, कुठलीही रेषा जाते.

निपाणी_डिप्लोमा

मधे एक शंका. आमच्याकडे फोर्स सेन्सरचा हॅमर नाही की कार्ड नाही. एमपीयू-६०५० (ॲक्सेलरोमीटर चिप) आणि आर्डुइनोवर हे जमेल का?

कोरी_पाटी

नाही जमणार. एमपीयू-६०५० चा ॲक्सेलरोमीटर सेकंदाला १००० आकडेच देतो आणि त्याचा आतला फिल्टर २६० हर्ट्झला कापतो. तुमचा गॅप ४७० ला सुरू होतो. शिवाय आर्डुइनो उनोचा एडीसी १० बिट. खालचे मोठे मोड सगळी रेंज खाऊन टाकतात आणि गॅपमध्ये एक-दोन पायऱ्यांचा सिग्नल उरतो.

बझरमधल्या पितळी पिअझो चकत्या घ्या, दहा-वीस रुपयांचं काम. २७ मिमीची नको, पट्टी २५ ची आहे. १५ किंवा २० मिमीची घ्या. एक ठोक्याच्या टोकाला, एक दुसऱ्या टोकाला, मध्यरेषेवर, वजनांच्या बाहेर. फेव्हिक्विकचा पातळ थर. फोम टेप अजिबात नको. दोन चॅनेलचं लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड लागेल. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात एकच चॅनेल असतं.

आणि चकती सरळ कार्डात घालू नका. तिची कपॅसिटन्स २० नॅनोफॅरडच्या घरात, कार्डाचा इनपुट १० किलोओम धरा. दोघांचा मिळून हायपास फिल्टर होतो आणि तो ८०० हर्ट्झच्या खाली सगळं कापत येतो. म्हणजे तुमचा गॅप बरोबर त्या उतारावर. दोन चकत्या थोड्या वेगळ्या असल्या की तो उतार दोघींचा वेगळा, आणि तुम्हाला पट्टीचा गुण म्हणून चकतीचा दोष दिसणार. टीएल०७२ घ्या, एकात दोन ऑपॅम्प असतात, दोन्ही बफर म्हणून जोडा, इनपुटला १ मेगओमचा रेझिस्टर. मग कट-ऑफ ८ हर्ट्झला जातो.

फोर्स माहीत नसल्यामुळे तुम्ही दोन टोकांचं गुणोत्तर घेणार. त्यात एक फसगत आहे: ठोक्याच्या टोकाच्या चकतीला एखाद्या वारंवारितेला सिग्नल जवळजवळ शून्य आला की गुणोत्तर वर उडी मारतं आणि तो पीक वाटतो. म्हणून गुणोत्तराबरोबर दोन्ही स्पेक्ट्रम सुटेसुटे दाखवा. आणखी एक, चकत्या चिकटवून झाल्या की वजनं लावायच्या आधी कोऱ्या पट्टीचं एक माप घेऊन ठेवा. नंतर वजनं लावलेल्या मापातून ते डेसिबलमध्ये वजा करायला मिळतं आणि चकत्यांचा आपापला स्वभाव बराचसा निघून जातो.

खानापूर_रोड

मूळ मांडणीतली दोन सेटिंग कुणी धरलीच नाहीत. १ सेकंदाचं रेकॉर्ड आणि एक्स्पोनेन्शियल विंडो.

ॲल्युमिनियमची टांगलेली पट्टी फार वेळ वाजते. गॅपजवळचे मोड पाव-अर्ध्या सेकंदात विझतात, पण ५० च्या खालचे मोड कितीतरी सेकंद चालू राहतात. १ सेकंदाला रेकॉर्ड तोडलं की त्या मोठ्या मोडांचं गळणं सगळ्या स्पेक्ट्रमभर पसरतं आणि नेमका गॅपचा खड्डा भरून काढतं. मग त्यावर उपाय म्हणून विंडो लावायची, तिने प्रत्येक पीकला खोटं डॅम्पिंग चढतं आणि कडा बोथट होतात. रेकॉर्ड ८ ते १० सेकंद घे, विंडो बंद कर. डिस्कवर जागा काय कमी आहे?

एफआरएफ एच-१ ने (गोंगाट फक्त आउटपुटला आहे असं धरणाऱ्या सरासरीने; एच-२ त्याच्या उलट) काढ. गॅपमध्ये गोंगाट आउटपुटला असतो, हॅमरच्या फोर्समध्ये नाही. एच-१ मध्ये तो ठोक्यांच्या सरासरीने कमी होत जातो. एच-२ मध्ये तो जसाच्या तसा राहतो आणि खड्ड्याचा तळ वर उचलतो. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये काय निवडलंय ते एकदा उघडून बघ.

मच्छे_मेकॅनिकल

एच-१ च आहे. पण गॅपमध्ये कोहेरन्स (ठोका आणि प्रतिसाद किती जुळतात तो आकडा, कमाल १) ०.६ पर्यंत पडतो. तेवढा भाग रिपोर्टमधून गाळावा का?

खानापूर_रोड

गाळू नकोस. गॅपमध्ये पलीकडे सिग्नलच पोचत नाही, मग कोहेरन्स पडणारच. तो पडण्याची कारणं मात्र वेगळी करता आली पाहिजेत. हॅमरच्या फोर्सचा स्पेक्ट्रम त्याच आलेखाखाली लाव: ७०० हर्ट्झपर्यंत तो १० डेसिबलहून जास्त पडला नसेल तर ठोका ठीक आहे. रबरी टिप लावलीस तर तीनशे-चारशेनंतर फोर्सच उरत नाही आणि गॅप असो-नसो कोहेरन्स पडतो. ठोक्याचा वेळेतला सिग्नलही बघ, हलकी पट्टी उसळून हॅमरला परत लागते. दोन शिखरं दिसली की तो ठोका टाकून द्यायचा. पाचाऐवजी वीस ठोके घे. कोहेरन्स ०.६ च राहील, पण एच-१ चा आकडा जागेवर बसेल.

उद्यमबाग_टेस्टबेंच

नव्या पट्टीसाठी तीन बारीक गोष्टी, मग मी थांबतो.

तुकड्यांच्या जागा टेपने एकापुढे एक मोजत जाऊ नकोस, चूक साठत जाते. एका टोकापासून सगळ्या जागा व्हर्नियर हाइट गेजने किंवा मिलिंगच्या डीआरओवर (डिजिटल मापदर्शक) आख. वारंवारिता अंतराच्या वर्गाने बदलते, १०० मध्ये १ मिमी चुकलं की त्या सेलचे दोन टक्के गेले. वजनातला फरक त्या मानाने माफ आहे, तरी वीस तुकडे सराफाच्या काट्यावर घालून जड-हलक्या जोड्या लाव, दोन-तीन दशांश ग्रॅमच्या आत सगळ्या जोड्या येतात.

गोंद लावायच्या आधी दोन्ही पृष्ठं १२० च्या एमरी पेपरने घासून थिनरने पूस. थर सगळीकडे सारखा यायला तुकड्याखाली दोन बारीक तारा ठेव, ०.२ मिमीच्या. जुन्या मोटारीच्या वाइंडिंगमधली तार चालते, फक्त इनॅमल शाबूत असू दे. त्या साडेआठ मिमीचा आकडा थरावरच ठरतो. थर प्रत्येक सेलला वेगळा पडला तर खालची कड पसरट होते आणि मग तू परत इथे विचारणार. चोवीस तास क्लॅम्पमध्ये ठेव. ओल्या हवेत खानापूरकडे असशील तर आणखी एक दिवस जाऊ दे.

टोकं ५० मिमी ठेव, ७० नको. ५० ला कँटिलिव्हरचा आकडा ९८७ होतो, मूळ लवलं तरी गॅपच्या बराच वर राहायची शक्यता जास्त. एक मीटरच्या पट्टीत पिळाचे मोड मात्र खाली येतील आणि गॅपमध्ये एखादा तरी पडेल. मध्यरेषेवर ठोकलंस तर ते दबतील, पूर्ण जाणार नाहीत. आलेखावर त्यांच्यावर "पीळ" असं लिहून टाक आणि वरच्या-खालच्या कडेची फेज शेजारी छाप.

मच्छे_मेकॅनिकल

मूळ लवलं की ५० चं टोक गॅपमध्ये येणारच नाही, हे कशावरून?

उद्यमबाग_टेस्टबेंच

खात्रीने नाही सांगत, म्हणून तर शक्यता म्हटलं. दहा वजनांचं मॉडेल ट्रान्सफर मॅट्रिक्सने पूर्ण लांबीसाठी चालव, दोन्ही टोकं मोकळी, आणि टोकाची लांबी ३० पासून ७० पर्यंत ५-५ ने बदलून गॅपमध्ये मोड पडतो का बघ. पाच मिनिटांचं काम. पट्टी कापायच्या आधी कर; कापलेली जोडता येत नाही, आणि लांब ठेवून नंतर पाच-पाच मिमी घासत आणणं कधीही सोपं.